बोलकं लोखंड

११ एप्रिल

आज तोलोगोन पुन्हा पडला. आणि या खेपेला ओढ्यावर, सगळ्या वस्तीच्या देखत! घोड्याला पाणी पाजत होता. हातातला लगाम सुटला, डोळे वर गेले आणि धाडकन खाली. मी बादली टाकून धावले. मनगट धरलं — काही नाही. अजून काही नाही. मग एकदम एक ठोका, मग दुसरा. शुद्धीवर आल्यावर साहेब विचारतात काय, "घोडा कुठे गेला?"

मला वाटलं, आता संपलं सगळं. कोणीतरी वारा घालायला म्हणून अंगरख्याची बटणं काढणार आणि डाव्या खांद्याखालचा तो काडेपेटीएवढा उंचवटा बघणार. मी त्याच्या छातीवर आडवीच पडले. बायकांना वाटलं रडतेय. रडतही होतेच.

१२ एप्रिल

बोलायला कोणी नाही, म्हणून लिहिते. माझ्या नवऱ्याच्या, तोलोगोनच्या छातीत यंत्र आहे. लग्न झालं त्याच वर्षी शहरात बसवलेलं. त्याचं हृदय मधेच थबकतं, आणि ते यंत्र त्याला ढोसून पुढे चालवतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आठ-दहा वर्षांत बॅटरी संपेल. तेव्हा या, नवीन बसवून देऊ." या म्हणे! त्या शहराच्या जागी आता काच झालेली माती आहे.

इथे मुकं लोखंड चालतं — कढई, कुऱ्हाड, नाल. ज्यात तार आहे, जे आवाज करतं, उजेड देतं, ते बोलकं लोखंड. ते दूरच्या लोखंडाला हाक मारतं आणि मग आकाशातून आग येते. सगळे असंच मानतात. खरं सांगायचं तर दमले की मीही मानते. आग तारांच्याच गावांवर पडली ना! या वस्तीत त्या हिवाळ्यात वीज नव्हती, म्हणून आम्ही वाचलो, असं उल्कान आपा दिवसातून तीनदा म्हणतात.

उल्कान आपा म्हणजे माझ्या सासूबाई. दोन मुलगे शहराने खाल्ले, हा एकटा परत आला. त्यांना यंत्राचं ठाऊक नाही. छातीवरचा व्रण मी 'वळूचं शिंग लागलं' म्हणून खपवलाय. एवढ्या वर्षांत त्या वळूला त्यांनी इतके शिव्याशाप दिलेत की मलाच त्या न जन्मलेल्या जनावराची कीव येते.

१५ एप्रिल

हसावं की रडावं! ओमुर्झाक आजोबा आज पांढरी टोपी घालून तंबूत आले. हे चुलत आजेसासरे, वस्तीचे म्होरके. सुनेने सासरच्या थोरांचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून तोंडाने मी त्यांना 'थोरली चौकट' म्हणते. कागदावर तरी नाव लिहू दे.

चहा घेतला, नान मोडला आणि म्हणाले, "उल्कान, तुझा मुलगा आजारी नाही. त्याला पूर्वज बोलावतायत. माझी आजी अशीच पडायची. सात वेळा पडली आणि उठली ती बाक्शी होऊन."

बाक्शी! ज्याच्या तोंडून मेलेले बोलतात तो. आपांचा चेहरा असा उजळला की मी मान खाली घातली. मघापर्यंत त्या मुलाच्या मरणाला भीत होत्या. आता पोराला देवपण आलंय. मी काय सांगू — आजोबा, पूर्वज नाहीत हो, बॅटरी आहे?

१७ एप्रिल

आज पडला नाही. आमच्या पेरिझातने बापाच्या मांडीवर बसून दोन कुरूत खाल्ले. दात पडलेत, त्यामुळे चीजचा तो खडा नुसता चोखत बसते.

२१ एप्रिल

लोक यायला लागले! कोणी लोण्याची वाटी आणतं, कोणी मेंढीची शेपूट. शेजारची झाम्गिर एजे रडत आली, तिची घोडी हरवली होती. तोलोगोनने सहज सांगितलं, "खालच्या वेतांच्या बाजूला बघ." सकाळी त्याने तिला तिथेच चरताना पाहिलं होतं, बास. घोडी सापडली. आता हा जांभई देतो तरी लोक कान टवकारतात.

मी म्हटलं, "सांग ना, मी काही बाक्शी नाही म्हणून."

"सांगितलं. आजोबा म्हणाले, खरे बाक्शी असंच म्हणतात."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

२६ एप्रिल

एशिम मास्तरांकडे बोलकं लोखंड सापडलं. शेणी रचायला गेलेल्या बायकांनी त्यांच्या गोठ्यातल्या पेंढ्याखालून रेडिओ ओढून काढला. मूठ फिरवून चालवायचा, हिरवा डबा. बायका किंचाळत ओढ्यात हात धुवायला पळाल्या.

मास्तर सत्तरीला आलेत. बायको मेली, मुलं कुठे ते ठाऊक नाही. ते आग पडायच्या आधीपासून इथल्या पोरांना शिकवत. आता शाळा नाही, मेंढ्या राखतात. त्यांना मेंढवाड्यात कोंडलंय. नऊ मेला वस्ती वरच्या कुरणावर निघेल. त्या सकाळी शुद्ध व्हायला सगळे दोन जाळांमधून जातील आणि तेव्हा निवाडा.

निवाडा कोण देणार? नवे बाक्शी. माझा नवरा.

कायदा सरळ आहे. बोलक्या लोखंडाला हात लावणाऱ्याची बोटं हातोड्याने ठेचायची, आणि त्याचा धूर विझवायचा. म्हणजे चुलीवर पाणी ओतायचं. मग त्याला कोणी निखारा द्यायचा नाही, पाव द्यायचा नाही. डोंगरात त्याने मरावं, पण तसं कोणी म्हणत नाही.

२८ एप्रिल

कैद्याला जेवण द्यायची पाळी माझी होती. मास्तर भिंतीला टेकून बसले होते. हाताची बोटं काखेत धरून — जणू आत्ताच कोणी ती मागतंय.

मी आशचा वाडगा ठेवला आणि वळले, तर हळूच म्हणाले, "पोरी, तोलोगोनच्या छातीतलं केव्हा बसवलंय?"

मी म्हटलं, "काय बोलताय, मास्तर!"

"माझ्या मेव्हण्याला होतं. तोही असाच पडायचा, शेवटी शेवटी." मग माझ्याकडे बघतच राहिले. "घाबरू नकोस. ऐक. तळ्याकाठच्या जुन्या आरोग्यधामात डॉक्टर आहेत. जिवंत. रेडिओवर रोज संध्याकाळी बोलतात. ज्यांच्या अंगात यंत्रं आहेत त्यांनी यावं, आमच्याकडे नवी आहेत, असं सांगतात."

मी खाली बसलेच. विचारलं, "खरं?"

"बाईमाणसाचा आवाज आहे. थकलेला. शेवटी म्हणते, या, आम्ही दिवा लावून ठेवलाय."

"मला ऐकवा."

"रेडिओ ओमुर्झाककडे आहे ना." मग म्हणाले, "वाट मला माहीत आहे. गाढवावर गेलं तर दहा-बारा दिवस. पण माझी बोटं शाबूत हवीत, पोरी. आणि मी जिवंत हवा."

एवढा सौदा तर कोणीही समजेल.

२९ एप्रिल

तोलोगोनला सांगितलं. त्याने खोगिराच्या पट्ट्याचा टाका ओढून गाठ मारली. मग म्हणाला, "दिवा लावून ठेवलाय, असं म्हणाली?"

हो म्हटलं. तो हसला. किती दिवसांनी! मी त्याच्या मानेत तोंड खुपसून रडले.

२ मे

बेत असा. तोलोगोन निवाडा देईल: पूर्वज म्हणतात हे लोखंड इथे फोडलं तर त्याचा आवाज मातीत मुरेल. ते मोठ्या तळ्यात बुडवलं पाहिजे. ज्याने लपवलं त्यानेच न्यावं, आणि बाक्शीने सोबत जावं. म्हणजे बोटं नाहीत, धूर नाही, संशय नाही. नवीन यंत्र बसवून परत येऊ. पुन्हा वळूचं शिंग लागलं म्हणू, हाय काय नाय काय!

आपणच खोटं रचायचं आणि आपणच ते पूर्वजांच्या तोंडी घालायचं. माझी आई असती तर तोंडात मारली असती.

४ मे

सकाळी तंबूतच पडला. या वेळी फार वेळ लागला. मी छातीवर मुठी मारल्या, नाव घेऊन ओरडले. पेरिझात दारात उभी, हातात कप. परत आला तेव्हा मी कोण ते कळायला त्याला वेळ लागला.

पेरिझातने विचारलं, "पूर्वज बाबांना मारतात का?"

मी म्हटलं, नाही. मग काय करतात, म्हणाली, तर मी तिच्या हातातला कप घेऊन त्यात चहा ओतला.

७ मे

बुडत्याला काडीचा आधार. माझी काडी मेंढवाड्यात कोंडलेली आहे आणि तिला खोकला झालाय. लपवून मध नेला. मास्तर म्हणाले, "तू देवमाणूस आहेस." मी म्हटलं, तसं काही नाही, तुम्हाला चालता आलं पाहिजे.

९ मे

सगळं लिहूनच ठेवते.

सकाळी दोन जाळ पेटवले. अर्चाची ओली लाकडं, कडवट धूर. सामान लादलेले घोडे, गाई, मग माणसं, सगळे मधून गेले. आपांनी पेरिझातला कडेवर घेऊन नेलं, एवढी घोडी झाली तरी. मग ओमुर्झाक आजोबांनी तो हिरवा डबा एका फडक्यावर ठेवला. लोक मागे सरकले. मास्तरांना आणलं.

तोलोगोन उभा राहिला. जे ठरलं होतं ते बोलला, आणि चांगलं बोलला. तळ्यात बुडवायचं, पूर्वजांची आज्ञा. बायकांनी माना हलवल्या. मला वाटलं, जमलं! खरंच जमलं!

ओमुर्झाक आजोबा म्हणाले, "पूर्वजांची आज्ञा शिरसावंद्य. घेऊन जा. पण आधी बोटं."

तोलोगोन म्हणाला, "पूर्वजांनी बोटं मागितली नाहीत."

"पूर्वज विसरतील. मी विसरणार नाही. माझ्या घरातली अकरा माणसं अशाच डब्याशेजारी बसून बातम्या ऐकत होती." आवाज चढला नव्हता. त्यांनी हातोडा उचलला तो शेळी कापायला निघालेल्या माणसासारखा, कंटाळलेला. दोघांनी मास्तरांचा हात दगडावर ओढला. म्हातारा ओरडला नाही. त्याने तोलोगोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी मनात म्हणत होते — गप्प राहा, गप्प राहा. बोटांशिवायही वाट दाखवता येते. हो, असंच म्हणत होते मी. लिहायची लाज वाटते, पण तेच म्हणत होते.

तोलोगोनने अंगरखा काढला. सदरा काढला. त्या थंडीत उघडा उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, मग इथून सुरुवात करा."

कोणाला काही कळेना. त्याने आजोबांचा हात धरून त्या उंचवट्यावर ठेवला. "हे बोलकं लोखंड आहे. नऊ वर्षं आहे. मी बाक्शी नाही. हे दमलंय म्हणून मी पडतो. रोज तुमच्यात झोपलो, तुमच्या ताटात जेवलो. आली का आग?"

आजोबांनी हात असा मागे घेतला, जणू तव्यावर पडला. झाम्गिर एजे घोडी घेऊन पळालीच. कोणीतरी दगड उचलला. आणि तेवढ्यात आपा पुढे आल्या. पेरिझातला खाली ठेवलं. लोकांना कोपराने बाजूला सारत, बाजारात भाव करायला निघाल्यासारख्या. मुलासमोर उभ्या राहिल्या. आधी व्रणावर बोट फिरवलं. मग कान लावला.

किती वेळ ऐकत होत्या कोण जाणे. जाळ तडतडत होते.

"हे तुझ्यात कोणी घातलं?"

"ज्यांनी मला जगवलं त्यांनी, आपा."

"आणि मला वळू सांगितलास." एवढंच. मग आजोबांकडे वळून म्हणाल्या, "दगड मारणाऱ्याने आधी मला मारावा. कायद्यात धूर विझवणं आहे, तो विझवा. पण घरातली मोठी मी आहे. पाणी मी ओतणार."

आणि ओतलं. आमच्या अजून उभ्या असलेल्या तंबूतल्या चुलीवर, स्वतःच्या हाताने, भरली कढई. राख उडाली, सगळा तंबू वाफेने भरला. मास्तरांचीही चूल विझवली. हातोडा मात्र आजोबांनी पुन्हा बोटांवर उगारला नाही. त्यांनी त्याच हातोड्याने रेडिओ फोडला आणि तसाच जाळात टाकला.

१० मे

निघालो. ते दोघं आणि मी. एक गाढव.

मी राहायला हवं होतं का? तोलोगोन म्हणत होता, "तू राहा, पोरीपाशी." पण वाटेत पडला तर छातीवर कोण मुठी मारणार? सत्तर वर्षांचे मास्तर? आपांनी पेरिझातला आपल्या पाठीमागे धरून ठेवलं होतं. "पोरीत लोखंड नाही. पोर इथेच राहील." मग मला म्हणाल्या, "तुझ्याकडे बघवत नाही मला. चोरटी! ...त्याला घेऊन ये."

पेरिझातला सांगितलं, लवकर येऊ. तिने विचारलं, "दात यायच्या आत?" मी हो म्हटलं.

ओढ्यापर्यंत पोहोचलो तर मागून आपा धावत आल्या. वाळीत टाकलेल्याला पाव द्यायचा नाही, आणि पदराखाली आख्खा नान! तोलोगोनच्या तोंडापुढे धरला. सैन्यात जाणाऱ्या पोरासमोर धरतात तसा. त्याने एक घास तोडला. उरलेला त्यांनी छातीशी घेतला. परत येईपर्यंत तो टांगून ठेवायचा असतो. आणि मागे फिरल्या. म्हातारी बाई, चिखलात जोडे रुतत होते, तरी एकदाही मागे बघितलं नाही.

१२ मे

पहिली खिंड. बर्फ गुडघाभर. तोलोगोनला गाढवावर बसवलंय. त्याला लाज वाटते. मास्तर म्हणाले, "बस रे, बाक्शी कधी पायी चालतात का?" तिघंही हसलो, मूर्खासारखे.

१४ मे

दोनदा पडला.

१५ मे

एक वस्ती लागली. तंबूंतून धूर निघत होता. मी ताक मागायला पुढे झाले. एका बाईने कुत्री सोडली. आमची बातमी आमच्या आधी पोहोचली होती. तारेशिवायही बातमी पोहोचते, बघा! मग लोखंडालाच एवढा दोष का?

कुरूत संपत आलेत. तोलोगोन खात नाही, चघळल्याचं सोंग करतो आणि हळूच माझ्या पिशवीत टाकतो. मला दिसतं.

१६ मे

मास्तरांना विचारलं, त्या बाईंचं नाव काय हो? रेडिओवरच्या? म्हणाले, सांगितलं नाही कधी. अजून काय काय म्हणतात? तर म्हणाले, "तेच तेच." मग खोकत बसले.

तोलोगोन मात्र चालता चालता बेत करतोय. नवीन यंत्र बसलं की तिथेच दोन महिने राबायचं, लाकडं तोडायची, फुकट काही घ्यायचं नाही. मग पेरिझातला आणायचं. तिथे शाळा असेल का, म्हणतो. दिवा आहे म्हणजे शाळाही असेल.

१८ मे

आज पडला तो उठेचना. मी मारत होते, मारत होते. मास्तर बर्फात गुडघे टेकून दुवा मागत होते, मोठमोठ्याने. मी ओरडले, दुवा नको, पाय चोळा! शेवटी एक ठोका आला. ओठांना रंग यायला खूप वेळ लागला. आता खडकाच्या आडोशाला झोपलाय. श्वास चालू आहे. मी बघतेय.

१९ मे

सकाळी पाण्याला गेले तर मास्तर मागून आले. टोपी हातात. म्हणाले, "पोरी, मला मार. त्या डब्यातून मी कधी माणसाचा आवाज ऐकला नाही. आग पडली तेव्हापासून नाही. रोज मूठ फिरवायचो. नुसती खरखर. मला एकट्याला डोंगरात काढतील याची भीती वाटली, म्हणून बोललो."

मी बादली भरली. परत आले. तोलोगोन जागा होता, गाढवाला टेकून उभा, आपल्याआपण उभा राहिलेला. चेहरा पांढराफटक. म्हणाला, "तळं अजून किती लांब, मास्तर?"

मास्तरांनी टोपी डोक्यावर ओढली. ते माझ्याकडे बघत राहिले.

मीच म्हणाले, "ही एक खिंड. मग दिवा दिसेल."